डॉ. पाखरेंचा पायगुण

‘हे घे, भडंग. खास जयसिंगपूरहून मागवलंय. आणि पाखरेबरोबर माझी ड्युटी लावू नकोस.’

डॉ. फिरोज मुलाणीनं पुडा थेट माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि समोरची खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर बसला. तो मेडिसिन विभागातला तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर, म्हणजे सगळ्या निवासी डॉक्टरांतला वडीलधारा. मी त्या रुग्णालयाच्या पदव्युत्तर कक्षात नुकताच चिकटलो होतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मिळालेली ती पहिली नोकरी. एमडी करणाऱ्या डॉक्टरांच्या ड्युट्या लावायच्या, रजा सांभाळायच्या, प्रबंध वेळेत विद्यापीठात पोचवायचे आणि सगळ्यांची रडगाणी ऐकायची. हे शेवटचं काम नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं. माझं आडनाव चौगुले, पण मुलाणी मला ‘सरासरी’ म्हणायचा.

‘का? पाखरे मॅडम काम करत नाहीत?’

‘करते रे, मरमर करते. तोच तर घोळ आहे. ती आली की काम येतं. पायगुणच तसला आहे तिचा. माझ्या ड्युटीला कॅज्युअल्टीत काय येतं? दोन ताप, एक जुलाब, एक दारू प्यालेला. तिच्या ड्युटीला जत्रा भरते. बेड संपतात, मग खाटा संपतात, मग जमिनीवर गाद्या. मागच्या खेपेला तिच्याबरोबर होतो, दिवसभर लघवीला जायला मिळालं नाही. शेवटी शलमोन सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, तुम्हालाच नळी घालू का?’

‘असे योगायोग होतात. थोड्या नोंदी पाहिल्या की काहीही दिसतं.’

‘सरासरी, तू नाणी उडवून शिकलास. आम्ही माणसांवर शिकलोय.’

भडंग खात खात त्यानं मला कॅज्युअल्टीचं धर्मशास्त्र समजावलं. ड्युटीवर असताना ‘आज शांत आहे’ हे वाक्य उच्चारायचं नाही. बिर्याणी मागवायची नाही, कारण डबा उघडला की अॅम्ब्युलन्स येते. बूट काढून आडवं व्हायचं नाही. आणि पाखरेबरोबर ड्युटी करायची नाही. पहिले तीन नियम दुसऱ्या रुग्णालयांतही पाळतात म्हणे. चौथा खास आमच्या घरचा.

तो गेला आणि तासाभरात स्वतः डॉ. रेणुका पाखरे आल्या. दुसऱ्या वर्षाच्या, चणीनं लहान, पण आवाज असा की त्या वॉर्डात बोलल्या तर माझ्या खोलीतला पंखा दचकायचा.

‘चौगुले, मला पांढऱ्या पायाची म्हणतात ते मला माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘भडंग खाऊन झालं असेल तर ऐका. माझी ड्युटी कधी सोमवारी, कधी शनिवारी, असं करू नका. कायमचा गुरुवार द्या. रोज नवा माणूस तोंड वाकडं करतो. त्यापेक्षा ठरलेल्या वारी सगळ्यांचं एकदम वाकडं होऊ दे.’

मागणी रास्त होती. मी त्यांना गुरुवार देऊन टाकला. जोडीदारासाठी बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या असं ठरलं.

मग माझ्यातला संख्याशास्त्रज्ञ स्वस्थ बसेना. कोणाच्या ड्युटीला किती रुग्ण दाखल होतात याची माहिती संगणकात होतीच. मुलाणीला खोटं पाडावं आणि एक भडंगाचा पुडा नैतिक अधिकारानं खावा, एवढाच माझा हेतू. दोनेक महिन्यांची माहिती साठल्यावर मी ती जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. पाखरेंच्या गुरुवारी खरोखरच जत्रा भरत होती. मी वार वगळून पाहिला, ऋतू वगळून पाहिला, उरूस आणि आठवडी बाजार वगळून पाहिले. पाखरे काही वगळल्या जाईनात. त्या या रुग्णालयात यायच्या आधीचे गुरुवार अगदी सोवळे होते.

मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. आकडे तेच होते.

याबद्दल मी कुणाकडे ब्र काढला नाही. काढायचं कारण फेब्रुवारीत आलं. आमच्या विभागाच्या एमडीच्या दोन जागा चालू ठेवायच्या की नाहीत हे ठरवायला तपासनीस येणार असं कळलं. दिवस ठरला मंगळवार. विभागप्रमुख डॉ. खानविलकरांनी मला बोलावलं. सर कट्टर बुद्धिवादी. त्यांच्या खोलीत खुर्चीमागे ‘पुरावा दाखवा’ अशी पाटी होती. व्हेंटिलेटरला कोणीतरी लिंबू-मिरची बांधली तेव्हा त्यांनी अख्ख्या बॅचला कार्यकारणभावावर निबंध लिहायला लावला होता.

‘चौगुले, वॉर्ड किती भरलाय?’

‘निम्मासुद्धा नाही, सर. सगळीकडे हळद शिजवायचं चाललंय. आजारी पडायला कुणाला सवड नाही.’

‘बेड रिकामे दिसले की जागा गेल्या. रुग्णच नाहीत तर विद्यार्थी शिकणार कशावर, असं म्हणतात ते, आणि बरोबरच म्हणतात. जागा गेल्या की नवे ज्युनियर येणार नाहीत. मग आत्ताचे पहिल्या वर्षाचे रक्ताच्या बाटल्या घेऊन पळत पळत म्हातारे होतील.’ सरांनी चष्मा काढला. ‘आणि पदव्युत्तर विद्यार्थीच नसतील तर पदव्युत्तर कक्षाचं काय काम?’

मी ज्या खुर्चीत बसलो होतो ती एकदम डगमगल्यासारखी वाटली.

‘सर, काही ठिकाणी म्हणे बाहेरून माणसं आणून झोपवतात.’

‘या वॉर्डात खोटा पेशंट येणार नाही!’ सर कडाडले. ‘आला तर मी त्याला खरा आजारी पाडीन.’ मग ते खिडकीकडे वळले आणि बाहेर पाहत म्हणाले, ‘ते पाखरेंबद्दल पोरं काहीतरी बरळत असतात. त्यात तथ्य नसणारच. नाही ना?’

‘सर, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे.’

‘म्हणजे सहसंबंध आहे?’

‘आहे, सर.’

‘दणकट?’

‘दणकट.’

सरांनी खुर्ची फिरवली. त्यांचं डोकं आणि मागची पाटी एका रेषेत आली.

‘कारण सापडेपर्यंत औषध थांबवत नाही आपण, चौगुले. ताप कशाचा हे कळायच्या आधीही तो उतरवतोच ना? पाखरेंना मंगळवारी लावा. मुलाणी गुरुवारी जाईल. ही अंधश्रद्धा नाही. हा ड्युटीतला किरकोळ बदल आहे.’

पाखरेंना सांगायला मी स्वतः वॉर्डात गेलो. त्या एका बाटलीतले थेंब मोजत होत्या.

‘म्हणजे एरवी शिव्या आणि आता आरती?’ त्या म्हणाल्या.

‘सरांनी विचारलंय. हुकूम नाही.’

‘चौगुले, तुम्ही हिशेबी माणूस. सांगा बघू. मंगळवारी गर्दी झाली तर मी अधिकृत पांढऱ्या पायाची ठरते, शिक्क्यासकट. नाही झाली तर जागा जातात आणि त्या माझ्यामुळे गेल्या असं होतं. यात माझा फायदा कुठे आहे?’

मी प्रामाणिकपणे शोधला. ‘नोंदींचा नमुना वाढेल,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वॉर्डातल्या दोन पेशंटांनी पांघरुणं डोक्यावर घेतली. पण ‘येते’ म्हणाल्या. ज्युनियर पोरांचं आयुष्य बाटल्या वाहण्यात जायला नको, एवढंच कारण त्यांनी दिलं.

मंगळवार उजाडला. तपासनीस म्हणून आल्या डॉ. चिटगोपेकर, नागपूरच्या निवृत्त प्राध्यापिका. ठेंगण्या, ताठ, एका गुडघ्यामुळे किंचित लंगडणाऱ्या. पाण्याची बाटली स्वतःची, डबा स्वतःचा. खानविलकर सरांनी चहा विचारला तर म्हणाल्या, ‘चहानंतर माणूस मवाळ होतो. नको.’ सकाळी ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि प्रबंध, जेवणानंतर वॉर्ड आणि कॅज्युअल्टी, असं त्यांनी सांगितलं आणि सरांना घेऊन ग्रंथालयात गेल्या. मला सरांनी डोळ्यानं कॅज्युअल्टीकडे पिटाळलं.

कॅज्युअल्टीत चादरी कडक इस्त्रीच्या होत्या, ट्रॉल्या चकचकीत होत्या. पाखरे स्टेथोस्कोप गळ्यात घालून उभ्या होत्या. मुलाणीची ड्युटी नव्हती, पण तोही आला होता. पहिल्या वर्षाची दोन पोरं दाराशी अशी उभी होती, जणू आत मंडप आहे आणि वरात यायची आहे. शलमोन सिस्टर, या विभागात तीस-एक वर्षं मुरलेल्या, खुर्चीत बसून खिडकीतून रस्ता बघत होत्या.

पेशंट एकही नव्हता. ताप नाही, जुलाब नाही. नेहमीचा दारू प्यालेलासुद्धा आला नव्हता.

‘पाखरे,’ मुलाणी म्हणाला, ‘जरा आत-बाहेर कर बरं.’

‘म्हणजे?’

‘उंबरा ओलांड. पाय लागू दे.’

पाखरेंनी त्याच्याकडे पाहिलं, पण तीनदा उंबरा ओलांडला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवाला ठणठणीत होता.

मुलाणी थोडा वेळ येरझारा घालत राहिला. मग थांबला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘मी बोलणार आहे.’

‘नका हो, डॉक्टर!’ शलमोन सिस्टर उठल्याच.

‘सिस्टर, विभागासाठी.’ त्यानं डोळे मिटले. ‘आज किती शांत आहे!’

सिस्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पहिल्या वर्षाच्या पोरांनी श्वास रोखला. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. दारातून एक मांजर आलं, इकडेतिकडे पाहून निघून गेलं.

‘हळू बोललात,’ एक पोरगा म्हणाला.

मग सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. त्यात सिस्टरही सामील झाल्या आणि त्यांचाच आवाज सगळ्यात खणखणीत लागला. काही उपयोग झाला नाही. तेव्हा मुलाणीनं बिर्याणी मागवली. डबे आले, उघडले गेले, वाफ निघाली. अॅम्ब्युलन्स आली नाही. नाइलाजानं सगळ्यांनी ती खाल्ली. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘तिखट आहे का रे?’ मी विचारलं.

‘नाही. गरम आहे,’ एकजण म्हणाला. ‘इथे आल्यापासून गरम खाल्लंच नव्हतं.’

शेवटचा उपाय उरला होता. पाखरेंनी बूट काढले, मोजे काढले, ड्युटी रूममधल्या कॉटवर आडव्या झाल्या आणि पापणी लवते न लवते तोच घोरायला लागल्या. आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो. त्यांना उठवायला कुणीच येत नव्हतं.

इतक्यात खानविलकर सर धापा टाकत आले. ‘मॅडम जेवायला बसल्यात. काय आलं?’

‘बिर्याणी आली, सर,’ मुलाणी म्हणाला.

सर काही बोलणार तोच सायरन ऐकू आला. सगळ्यांच्या अंगात वीज संचारली. पोरं स्ट्रेचर घेऊन धावली, सिस्टरांनी ऑक्सिजन उघडला, पाखरे अनवाणी पळत आल्या. आमचीच अॅम्ब्युलन्स होती. सरांनी स्वतः मागचं दार उघडलं. आत क्रोटनच्या कुंड्या होत्या. तपासणीसाठी पोर्चमध्ये मांडायला भाड्यानं आणलेल्या. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, ‘उशीर झालता सर, म्हणून सायरन लावला.’

‘सर, बेड देऊ का?’ मुलाणीनं कुंडीकडे बोट दाखवत हळूच विचारलं.

‘गप्प बस,’ सर म्हणाले. पण त्यांनी एक क्षण त्यावर विचार केला, हे मी शपथेवर सांगू शकतो.

ड्रायव्हर कुंड्या खाली मांडू लागला, त्याच वेळी मागून काठीचा आवाज आला. एक म्हातारी कुंड्यांच्या मधून वाट काढत येत होती. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात बाजाराची पिशवी. तिच्या मागोमाग कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून डॉ. चिटगोपेकर येत होत्या, डबा बंद करत.

म्हातारीला पळून जायला वावच मिळाला नाही. पहिल्या वर्षाच्या दोघांनी तिला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. एकानं एका हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधला, दुसऱ्यानं दुसऱ्याला.

‘आगं बया! काय झालं मला?’ ती ओरडली.

‘तेच बघतोय, आजी,’ मुलाणी म्हणाला.

‘मला कुटं काय झालंय? मी निरोप सांगाया आल्ये. बाजार केला, वाटंत दवाखाना, म्हटलं सांगून जावं. ती पाखरेबाई हाय नव्हं, तिला म्हनावं येत्या बेस्तरवारी आमची जीप भरून येनार हाय, जागा धरून ठेव.’

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. सगळे हात जागच्या जागी थांबले.

‘कुठून येणार जीप?’ मी विचारलं.

‘आमच्या वाडीवरनं. मी तानूबाई. आन् शेजारच्या वाडीची येगळी जीप. त्यांचं आपलं काय ठावं न्हाई बाबा, त्यांनी त्यांचं सांगावं.’ मग तिचं लक्ष अनवाणी उभ्या असलेल्या पाखरेंकडे गेलं. ‘आं? तू आज कशी? तुजा बेस्तरवार नव्हं?’

‘आज बदलून आलेय, तानूबाई.’

‘बदलून? कुनाला इचारून? आदी दर खेपंला तुजा वार इचारत बसाया लागायचं, आता कुटं एक ठरला! आमी समदी दुखनी बेस्तरवारासाठी राखून ठेवल्यात की!’

मी आकडे सगळ्या बाजूंनी पाहिले होते. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर मात्र एकदाही बसलो नव्हतो.

‘आजी, पण हिच्याकडेच का?’ डॉ. चिटगोपेकर पुढे आल्या. ‘हे दुसरे डॉक्टर चांगले नाहीत?’

‘चांगलं हाईत की. ह्यो पोरगा बी चांगला हाय,’ तानूबाईनं मुलाणीला पास केलं. ‘पर ही समदी मलाच बोलत्यात. गोळी का घेतली न्हाई, मीठ का खाल्लं. आता मीठ मी घालते व्हय? सून घालती. ही पाखरेबाई सुनंला बोलती! उभी करती आन् झाडती. माज्या ल्योकाला बी झाडलं. तवाधरनं गोळ्या घरपोच. आमच्या वाडीतल्या पारूच्या नवऱ्याला तर आसं बोलली, का त्यो बिडी सोडून देवळात बसाया लागला. आन् वर म्हनती, पारूला चार दिस इथं झोपवा, घरी काम लावताय तुम्ही. ऐन हळदीच्या दिसात! आता आसा डाक्तर सोडून आमी कुटं जाऊ?’

मुलाणी भिंतीला टेकला. ‘म्हणजे लोक सुनांना ओरडा खायला आणतात?’ तो पुटपुटला. ‘आणि मी मेलो इकडे पायगुण पायगुण करत.’

डॉ. चिटगोपेकर हसल्या नाहीत. पाखरेही हसत नव्हत्या. त्या तानूबाईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग जवळ येऊन त्यांनी तिच्या कपाळावर उलटा हात ठेवला. बुक्का ओला झाला होता.

‘तानूबाई, डावा हात का चोळताय?’

‘पिशवी धरून भरून आलाय.’

‘पिशवी उजव्या हाताला अडकवलीय.’

तानूबाई लहान पोरीसारखी म्हणाली, ‘सकाळधरनं जरा छातीत धरल्यागत होतंय. म्हटलं बेस्तरवार परवाच हाय. काढू कळ.’

आणि मग तो आवाज लागला. त्या दिवशी तो पोर्चपर्यंत गेला, हे कुंड्या उतरवणाऱ्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

‘परवा? छातीत कळ येतेय आणि तुम्ही बाजार करत फिरताय? घरची म्हैस आडवी पडली तर तिला गुरुवारपर्यंत थांब म्हणाल का? माझ्या वाराची वाट बघाल आणि एक दिवस वाटेतच राहाल! दुखलं की त्या दिवशी यायचं. मी असेन, नसेन, मुलाणी असतील, शलमोन सिस्टर असतील, कुणी नसेल तर या कुंड्यांना दाखवायचं! कळलं?’ आणि हे सगळं बोलत असतानाच त्यांचे हात ईसीजीच्या तारा लावत होते. ‘मुलाणी, अॅस्पिरिन चघळायला द्या. सिस्टर, सलाईन. आणि तू, इकडे ये, हा कागद बघ आणि मला सांग काय दिसतंय. घाबरू नकोस, आज तुझं पोट भरलंय.’

पहिल्या वर्षाच्या पोरानं बघितलं आणि अडखळत पण बरोबर सांगितलं. झटका होता. मोठा नव्हता, पण होता.

एका म्हातारीभोवती इतके डॉक्टर आमच्या रुग्णालयात त्याआधी कधी जमले नसतील. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मुलाणीनं स्वतः तयार केलं आणि खानविलकर सरांनी स्वतः मॉनिटरची वायर धरली, कारण दुसरं काही धरायला उरलंच नव्हतं. पाखरे प्रत्येक गोष्ट करायच्या आधी पोरांना का ते विचारत होत्या, आणि उत्तर चुकलं तर काय होईल तेही सांगत होत्या. डॉ. चिटगोपेकर पायाशी उभ्या राहून ऐकत होत्या. हातातला डबा खाली ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

तासाभरानं तानूबाईच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं डोळे उघडले. ‘लई बोलली मला,’ ती कौतुकानं म्हणाली. ‘पर सुनंला कोन बोलनार? ती बाजारात टोपल्यांपाशी बसलीया. बोलवा तिला.’

आता उरली तपासणी. वॉर्डाची फेरी झाली. बेड रिकामे होते ते रिकामेच होते. खानविलकर सर प्रत्येक रिकाम्या बेडपाशी नातेवाईक गेल्यासारखे थांबत होते. शेवटी माझ्या खोलीत बसून डॉ. चिटगोपेकरांनी कागद काढला.

‘मॅडम,’ सर म्हणाले, ‘हळदीचे दिवस आहेत.’

‘मला दिसेल तेच मी लिहिते, डॉक्टर. आज मला रिकामा वॉर्ड दिसला.’ त्यांनी पेन उघडलं. मी माझ्या खुर्चीचा निरोप घ्यायला लागलो. ‘पण तपासणी एकाच दिवसात संपवावी असं माझ्यावर बंधन नाही. तिचा वार गुरुवार ना?’

‘हो, मॅडम,’ मी म्हणालो. ‘या आठवड्यात बदल केला होता.’

‘का केलात?’

मी सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

‘किरकोळ बदल होता,’ मी म्हणालो.

‘मग तो किरकोळ बदल रद्द करा. मी गुरुवारपर्यंत गेस्ट हाऊसवर थांबते.’ उठता उठता त्यांनी गुडघा चोळला आणि आवाज खाली आणून मला विचारलं, ‘चौगुले, ती फक्त सुनांनाच बोलते, की मुलांनाही?’

‘मुलांनाही बोलतात, मॅडम. तानूबाईंच्या मुलाला झाडलंय.’

‘हं,’ त्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी मी कॅज्युअल्टीबाहेर पोचलो तेव्हा दोन जिपा उभ्या होत्या आणि तिसरी मागे हॉर्न वाजवत होती. बाक भरले होते, पायऱ्या भरल्या होत्या, कुंड्यांच्या कठड्यावर माणसं बसली होती. प्रत्येक म्हातारीनं आपला एकेक अपराधी हाताला धरून आणला होता. मुलाणीच्या नावाची चिठ्ठी निघाली नव्हती, तरी तो बाह्या सरसावून आला. खानविलकर सर गर्दीतून वाट काढताना ‘जरा सरका हो’ असं इतक्या प्रेमानं म्हणत होते की लोकांना ते नवे वॉर्डबॉय वाटले. दोन पोरं गाद्या घालत होती. दुपारपर्यंत वॉर्डात पाय ठेवायला जागा राहिली नाही.

डॉ. चिटगोपेकर मात्र मला सापडेनात. शेवटी दिसल्या त्या बाकावर, दोन म्हाताऱ्यांच्या मधे, नंबर लावून बसलेल्या. त्यांच्या शेजारी उंच, चष्मेवाला, कानात हेडफोन अडकवलेला एक माणूस उभा होता. पुण्याहून भल्या पहाटे निघाला होता. बाईंचा मुलगा.

नंबर आला. पाखरेंनी बाईंना स्टुलावर बसवलं, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला.

‘मॅडम, हा इतका आहे आणि तुम्ही तपासण्या करत हिंडताय? हृदयाची चाचणी कधी केलीत?’

‘करायची आहे,’ बाई गरीब चेहऱ्यानं म्हणाल्या. ‘हा दिवाळीपासून नेतो म्हणतोय.’

पाखरे सावकाश मुलाकडे वळल्या. बाकावरच्या म्हाताऱ्या सरसावून बसल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

‘हेडफोन काढा.’

त्यानं काढला.

‘तुमची आई डॉक्टर आहे म्हणून तिला दुखत नाही का?’

‘तसं नाही, पण तिला स्वतःला कळतं सगळं, आणि या क्वार्टरला आमचा...’

त्यापुढचं त्याचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. पाखरेंचं मात्र सगळं ऐकू आलं, खाली औषधांच्या दुकानातसुद्धा. तो सहा फुटी माणूस हळूहळू आपल्या आईच्या उंचीचा झाला. ‘जी’ म्हणाला, मग ‘हो मॅडम’ म्हणाला, मग ‘आजच’ म्हणाला. एक म्हातारी पदराआडून म्हणाली, ‘माज्या सोन्याला यापरीस कमी बोलली. ह्यो लई शिकल्याला दिसतुय.’

डॉ. चिटगोपेकर स्टुलावर बसून हे ऐकत होत्या. एका हाताला पट्टा तसाच होता. चेहरा असा, जणू भर उन्हातून येऊन कुणी माठातलं पाणी दिलंय. दुसऱ्या हातानं त्यांनी पिशवीतून तो कागद काढला आणि मला जवळ बोलावलं.

‘किती जागा आहेत तुमच्या?’

‘दोन, मॅडम. तेवढ्या टिकल्या तरी पुरे.’

‘पुरे कशा?’ बाई म्हणाल्या. पाखरे पुढच्या सुनेकडे वळल्या होत्या. त्यांचा आवाज किंचित चिरकला, आणि बाईंनी चष्म्यावरून तिकडे पाहिलं. ‘तिसरीसाठी अर्ज करा, चौगुले. आजच. एकट्या पोरीनं किती म्हणून ओरडायचं?’